गिरणीच्या वळणावरची संक्रांत

नागपूरच्या स्टेशनातून बाहेर पडलो, सायकलरिक्षात बसलो आणि मुक्कामाला पोचायच्या आत बोट कापून घेतलं.

प्रवासाचं वर्णन खरं तर सूर्योदयानं किंवा डोंगररांगेनं सुरू करावं. पण या प्रवासात मला दिसलेलं पहिलं ठळक दृश्य माझ्याच रक्ताचं होतं, त्याला माझा नाइलाज आहे. झालं असं, की रिक्षा सक्करदऱ्याकडे वळली. एका पिठाच्या गिरणीजवळच्या वळणावर रस्त्यावर आडवा एक गुलाबी दोरा उन्हात चमकत होता. कुठल्याशा तुटलेल्या पतंगाचा असणार. लहानपणी पतंग लुटले होते ते आठवलं, आणि दोन मुलींच्या बापानं चालत्या रिक्षातून हात वर करून तो दोरा पकडला. रिक्षा पुढे गेली. रिक्षाबरोबर मीही पुढे गेलो. दोरा मात्र जागचा हलला नाही.

"काहून पकडला जी?" रिक्षावाला मागे वळून म्हणाला. "मांजा आहे तो! काच लावेल असते त्याले. हात लावते काय कोनी?"

"आमच्या साताऱ्यात एवढा धारदार नसतो," मी रुमाल गुंडाळत म्हणालो.

"मंग साताऱ्यातलाच पकडाचा होता ना!"

पुढे वाटेत मधूनमधून त्याचे खांदे तेवढे हलत होते. चढ नसताना हलत होते, म्हणजे हसत असणार.

मी निघालो होतो मेहुणीकडे. माझ्या बायकोची धाकटी बहीण कुसुम लग्न होऊन नागपूरला गेली आणि सक्करदऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर झाली. 'एकदा तरी संक्रांतीला या' असा तिचा दरवर्षीचा धोशा. या वर्षी मुलींच्या परीक्षा होत्या, तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही तरी जाऊन या. तुमचा इथं तसाही काही उपयोग नाही." अशा प्रेमळ निरोपानंतर कोण थांबेल?

दारात कुसुम उभी होती. मला वाटलं, 'या दाजी' म्हणेल, ताईची चौकशी करेल. तिची नजर गेली ती रुमालावर.

"कुठं?"

"बोटाला."

"ते दिसतंय हो दाजी. कुठल्या ठिकाणी?"

"गिरणीपाशी वळण आहे ना, तिथं."

"वाटलंच!" असं म्हणून तिनं मला हाताला धरून अंगणात नेलं. तिथं भली मोठी रांगोळी काढलेली होती. भोगीचा दिवस असल्यानं मी कौतुकानं बघू लागलो, पण त्यात ना हळदीकुंकवाचे करंडे, ना उसाची कांडकी. पांढऱ्या रेघांचे रस्ते, चौकोनांची घरं, एका कडेला निळ्या रंगाचा तलाव. आळीचा नकाशाच होता तो, जिथं कुणी जखमी झालं तिथं कुंकू. तिनं चिमूटभर कुंकू घेतलं आणि एका वळणावर सोडलं. त्या वळणावर आधीच इतकं कुंकू होतं की माझी चिमूट त्यात मिसळून गेली. मग तिनं बोट धुऊन पट्टी बांधली आणि विचारलं, "ताई कशी आहे?"

जेवणाआधीच त्या रांगोळीभोवती आळीतल्या बायका जमल्या. तीळ निवडता निवडता त्या रांगोळी वाचत होत्या.

"हे आमच्या दिराचं नाक वं."

"अन् हे कुंकू कशाचं? हां, आमच्या यायचा पाय! बिनकठड्याच्या गच्चीवरून पडले होते. पतंगाकडे पाहू पाहू मागं चालून राहिले होते. चालता चालता गच्चीच संपली!"

सगळ्या खळखळून हसल्या. ज्यांच्या नवऱ्याचा पाय मोडला होता त्या यमुनाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. कुसुमच्या शेजारच्याच त्या, आवाज तलावाच्या पलीकडे जाईल असा.

"दाजी," कुसुम मला म्हणाली, "हिवताप आला की आपण डासाला उपदेश करतो का? डबकं शोधतो. इथं सगळे दर वर्षी पोरांना ओरडतात, 'जपून उडवा, नीट बघा.' आणि दर वर्षी त्याच वळणावर गळा कापतो, त्याच गच्चीवरून माणूस पडतो. मला गळा शिवता येतो हो. पण तोच तो गळा किती वेळा शिवू?"

गेल्या संक्रांतीला त्या वळणावर एका दूधवाल्याचा गळा चिरला होता. तो वाचला. पण त्याच संध्याकाळी एका कापलेल्या पतंगावरून आळीची आणि समोरच्या गल्लीची काठ्यांनी मारामारी झाली, दोघांची डोकी फुटली. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी मग पोलिसांत अर्ज द्यायचं ठरवलं : इथं पतंगच बंद करा. कुसुम आडवी आली. म्हणाली, बंदी घातली तर चोरून उडवतील, अंधारात उडवतील. एक संक्रांत माझ्या हातात द्या. एक जरी गळा कापला, एक जरी डोकं फुटलं, तर त्या अर्जावर पहिली सही माझी.

यात अडचण एवढीच होती की आळीतला सगळ्यांत पट्टीचा पतंगबाज म्हणजे कुसुमचा नवरा, माझे साडू मधुकरराव. एरवी कचेरीत मान खाली घालून काम करणारा हा गृहस्थ संक्रांतीला वर्षभराची मान वर करून घेई.

"साडूभाऊ, तुमीच सांगा," जेवताना ते मला म्हणाले, "उद्या कोनाले खरचटलं तं माही बायकोच माहे पतंग बंद करून राहिली. असा नवरा दुनियेत असंन काय कोनी?"

"नाही," मी म्हणालो. माझं लक्ष सांबारवडीत होतं. (सांबार म्हणजे इथं कोथिंबीर. मी आमटीची वाट बघत बसलो होतो.) पातळ कुरकुरीत पारीत खोबरं, खसखस आणि मूठ मूठ कोथिंबीर. वरून कढी. दुखऱ्या बोटामुळे कुसुमनं मला चमचा दिला होता. चार वड्यांनंतर मी चमचा बाजूला ठेवला. बोटापेक्षा वडी महत्त्वाची.

उन्हं उतरल्यावर मधुकररावांनी मला तलावावर नेलं. नागपूरची थंडी म्हणजे गंमतच. सावलीत स्वेटर लागतो आणि उन्हात तो काढून कुणाच्या तरी हातात द्यावासा वाटतो. पाणी स्वच्छ निळं, पलीकडे हुडकेश्वरच्या बाजूला नुसती शेतं. दोन खांबांमध्ये गुलाबी दोरा ताणून त्याला एक धिप्पाड माणूस फडक्यानं काचेची लुगदी लावत होता. माझं बोट आपोआप खिशात गेलं.

"हे नामदेवराव," मधुकरराव हळूच म्हणाले. "समोरच्या गल्लीचे. मागच्या वर्षी काठी पहिले यायनंच उचलली होती."

"काय गा मधुकर!" नामदेवरावांनी हाक दिली. "पाहुने आनले? उद्या तुहा पतंग कटतांनी पाहाले?"

"तुमचाच कटते ते पाहाले आले. कुसुमनं सांगेल ध्यानात आहे ना, नामदेवराव?"

"आहे, आहे. डॉक्टरीनबाई चार डाव येऊन गेली माह्या घरी. वळनावर जो पतंग पडंन तो तिथं दोरा उचलाले उभ्या राहनाऱ्या बांबूवाल्यायचा. कोनी मागं धावाचं नाही, कोनी भांडाचं नाही." त्यांनी फडकं पिळलं. "अबे, पन लूट नाही, भांडन नाही, तं मंग संक्रांत कायची? हे तं बायकायचं हळदीकुंकू झालं."

"म्हंजे नाही म्हंता?"

"पाहू," नामदेवराव म्हणाले. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. "उद्या आमची पोरगी येऊन राहिली उमरेडहून, जावयाले घेऊन. पयली संक्रांत आहे तिची. दुपारच्या यष्टीनं येतीन. तिच्यासमोर मले हरवशीन काय रे?"

"हरवीन," मधुकरराव म्हणाले.

दोघंही हसले. पण 'पाहू' या शब्दात किती काठ्या मावतात हे मधुकररावांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्रीपोहे खाऊन (पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा, पहिल्या घासाला माणूस साताऱ्याचं नाव विसरतो) मी बाहेर आलो तो आळीचं रूपच पालटलेलं. ज्या ज्या गच्चीला कठडा नव्हता तिथं घरोघरच्या बाजा (खाटा) आडव्या उभ्या करून कडेला बांधल्या होत्या. आकाशात पतंग आणि गच्च्यांवर बाजा. गाव उलटं टांगल्यासारखं दिसत होतं. पतंग लुटायला रस्त्याच्या मधोमध वर बघत धावणारी पोरांची टोळी होती ना, तिलाच कुसुमनं वळणावर नेमलं होतं. त्यांचे लुटायचे बांबू, शेंड्याला काटेरी फांद्या बांधलेले. त्याच बांबूंनी रस्त्यावर आलेला दोरा वर उचलून गुंडाळायचा, आणि खाली येणारा पतंग बक्षीस. धावायची गरजच नाही. चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली म्हणतात ती ही.

माझ्याही हाती एक बांबू आला. माझ्या जोडीला रामटेके काका होते. कापडगिरणीतून निवृत्त झालेले, पांढरा स्वच्छ सदरा, चालणं अगदी शिस्तीचं.

"तुम्ही संक्रांत करता, काका?" मी विचारलं.

"नाही जी. दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरी संक्रांत नाही," ते बांबू पारखत म्हणाले. "पन गळा तं आमालेही आहे."

आणि वळणाच्या तोंडाशी, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, यमुनाबाईंची फौज. नव्या साड्या, हातात तिळगुळाची ताटं. सायकल दिसली की ताट पुढे. "तिळगूळ घ्या, गोड बोला! उतरा जी खाली, सनाचा दिवस आहे!" संक्रांतीला समोर तिळगूळ धरलेल्या बाईला ओलांडून जाणारा माणूस अजून आपल्याकडे जन्मायचा आहे. भलेभले ब्रेक दाबत होते. उतरल्यावर हातात लाडू, गळ्याला दुपट्टा गुंडाळायचा आग्रह, आणि वळण संपेपर्यंत सायकल हातात धरून चालायचं. पोलिसाची शिट्टी जे करू शकली नसती ते लाडू करत होता.

व्यवस्था झकास होती. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. लाडू चांगले झाले होते.

दुपार कलू लागली तशी मला काही चेहरे ओळखीचे वाटू लागले. निळ्या सायकलवरचा एक गृहस्थ चौथ्यांदा उतरत होता.

"तुमी मघाशी नाही आले का जी?" यमुनाबाईंनी विचारलं.

"कामच तसं आहे बाई. जाऊन येऊन राहिलो."

"मंग डबाच आनाचा होता ना सोबत!"

मीही त्यांतला नव्हतो असं नाही. बांबू धरून दमलं की एक, दोरा गुंडाळला की एक. रामटेके काका प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत आणि पुन्हा रस्त्याकडे वळत. शेवटी यमुनाबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. "हे धरा जी पाहुणे. संपले वाटते लाडू. घरून आनतो." बाकीच्या बायकाही आपापली ताटं घेऊन घरी धावल्या. वळणावर लाडू राहिला नाही. बाई राहिली नाही. मी राहिलो. माझा बांबू भिंतीला टेकलेला, हातात रिकामं ताट.

आणि नेमका तेव्हाच वर पेच लागला. मधुकररावांचा पांढरा पतंग नामदेवरावांच्या काळ्या पतंगावर आडवा गेला. दोन्ही बाजूंच्या गच्च्या ओरडू लागल्या, "ढील दे! ढील दे!" बाजांच्या आडून नुसत्या माना दिसत होत्या. सबंध मोहल्ला वर बघत होता. वर बघायचं नाही हे ज्यांचं काम होतं तेही वर बघत होते, म्हणजे बांबूवाली पोरं आणि मी. काळा पतंग डुगडुगला, तुटला, आणि आमच्या गच्चीवरून आरोळी उठली, "ओ काट!"

मीही ओरडणार, एवढ्यात रामटेके काकांचा आवाज आला. "दोरा!"

मी खाली पाहिलं. गुलाबी दोरा गिरणीच्या पत्र्यावरून येऊन समोरच्या विजेच्या खांबाला अडकला होता. रस्त्यावर आडवा, माणसाच्या गळ्याइतक्या उंचीवर. काका बांबू घेऊन निघाले होते, पण ते पलीकडच्या टोकाला. आणि वळणावरून स्कूटर येत होती. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. ज्याला मिळे तो ती हळू चालवत नसे. पुढे नवा कोट घातलेला तरुण, मागे काळ्या साडीतली मुलगी, खांद्यावर हात ठेवून हसत काहीतरी सांगणारी. दोघांचंही दोऱ्याकडे लक्ष नव्हतं.

बांबू उचलायचा, लाल फडकं हलवायचं, 'थांबा' ओरडायचं, असं कुसुमनं मला सगळं शिकवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. हातात ताट होतं ते पुढे धरून मी रस्त्याच्या मधोमध गेलो आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "तिळगूळ घ्या!"

स्कूटर करकचली, घसरत तिरकी झाली आणि माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबली. तरुणानं सवयीनं हात पुढे केला. ताटात पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"काय जी? रिकामं ताट दाखवून राहिले? सनाच्या दिवशी मस्करी करता काय?"

 मी नुसती मान मागे वळवली. माझ्या पाठीमागे, दोन पावलांवर, काकांनी बांबूच्या शेंड्यावर तो दोरा उचलून धरला होता. ऊन पडलं की तो दिसे, वाऱ्यानं हलला की नाहीसा होई. तरुणानं पाहिलं आणि त्याचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. मागच्या मुलीचं हसू विरलं.

तेवढ्यात गल्लीतून गलका आला. पुढे नामदेवराव, मागे त्यांची सात-आठ माणसं. एकदोघांच्या हातात काठ्या. "कोन म्हंते पेच खरा होता? खालून दोरा ओढला यायनं! बांबूवाल्यायनं ओढला!" आमच्या गच्चीवरून मधुकरराव जिना उतरत होते, त्यांच्या मागे आळीची पोरं. मी मधोमध, ताटासकट. गेल्या वर्षीचीच संध्याकाळ पुन्हा येत होती. आणि दवाखान्याच्या दारातून कुसुम धावत येताना दिसली. तिचा चेहरा पाहून मला कळलं की ती अर्जावरची सही बघते आहे.

"बाबा," स्कूटरवरची मुलगी म्हणाली.

नामदेवराव थबकले. "तू? यष्टीनं येनार होती ना वं?"

"यायच्या मित्राची स्कूटर भेटली. म्हटलं, तुमाले..."  तिनं नवऱ्याच्या गळ्याकडे आणि मग बांबूकडे बोट केलं.

नामदेवरावांनी दोऱ्याकडे पाहिलं. तो रंग त्यांना कुणी सांगायला नको होता. हळूच पुढे होऊन त्यांनी काकांच्या बांबूवरून तो सोडवला आणि आपल्याच तळहातावर गुंडाळू लागले.

"माहाच मांजा आहे," ते म्हणाले.

 मधुकररावही जिन्याच्या पायरीवर थांबले. नामदेवरावांनी मागे न बघता हात केला. काठीवाल्यांना तो कळला, काठ्या भिंतीला टेकल्या.

"कटला तं कटला," ते म्हणाले. "मधुकर, पेच खरा होता बे." मग माझ्याकडे वळून, "तुमी पाहुने ना? असे उभे काहून? ताट काहून रिकामं?"

"लाडू संपले," मी म्हणालो.

"संपले? अबे, संपले म्हंजे?" आता त्यांचा आवाज पुन्हा मूळ पदावर आला. "जा रे कोनी घरी! सांगा, जावयासाठी ठेवेल लाडवायचा डबा आहे, तो आना. सगळा आना! जावई काय, जावई आत्ता इथं उभा आहे, तेच लय झालं!"

डबा आला. नामदेवराव स्वतः ताट घेऊन वळणावर उभे राहिले. एवढा धिप्पाड माणूस आडवा आल्यावर सायकली यमुनाबाईंच्या वेळेपेक्षाही लवकर थांबू लागल्या. निळ्या सायकलवाला पाचव्यांदा आला, नामदेवरावांना पाहिलं आणि लाडू न मागता खाली उतरून चालत गेला.

दिवेलागणीला कुसुम दवाखान्याच्या पायरीवर हात मोकळे सोडून बसली होती. आत पट्ट्या, टाके घालायच्या सुया, सगळं मांडलेलं तसंच होतं.

"दाजी," ती म्हणाली, "आज मी काहीच केलं नाही. डॉक्टरच्या नशिबी असा दिवस येत नाही हो." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "पुढच्या वर्षी फक्त लाडू जास्त करायला हवेत."

वडीलधाऱ्यांनी अर्ज फाडला नाही. पुढच्या संक्रांतीपर्यंत तो कपाटात राहील म्हणाले. मधुकररावांना तेवढंही पुरलं. रात्री वडाभात खाताना (डाळीचे तळलेले वडे भातावर कुस्करून, वर लसणाची फोडणी) त्यांनी तो पेच मला तीनदा लढवून दाखवला, दर वेळी जरा लांबवून.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी बसून मी विचार करत होतो. आपण जन्मभर एकमेकांना 'जपून जा, नीट बघ' एवढंच सांगत आलो. सांगणाऱ्यालाही बरं वाटतं, ऐकणाऱ्यालाही. पण कुसुमनं धरून चालायचं ठरवलं होतं, की माणूस नीट बघणार नाही. वर पतंग असला की तो वरच बघणार. तरीही तो संध्याकाळी घरी धड पोचावा, एवढी सोय रस्त्यानंच करून ठेवायची. माझ्यासारख्या माणसांना हा विचार फार आधार देणारा आहे.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. रस्त्याच्या मधोमध मी कसा गेलो, ताट कसं पुढे धरलं, स्कूटर कशी करकचून थांबली, हे तर उभं राहून, जेवणाचं ताट हातात घेऊन करून दाखवलं. मुली टाळ्या वाजवू लागल्या. बायकोनं सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातातलं ताट काढून पाटासमोर ठेवलं आणि त्यात भाकरी वाढली.

"म्हणजे नागपुरात रिकामं ताट पुढे केलं तरी माणसं थांबतात," ती म्हणाली. "इथं मी रोज भरलेलं ताट पुढे ठेवते, तर तुमची मान पेपरातून वर येत नाही."